मुलगा गेमवर पैसे लावतोय हे कळल्यावर काय करायचं

गेल्या पावसाळ्यात अकरावीतल्या एका मुलाची आई मला भेटायला आली. बँकेत जाऊन तिने पासबुक छापून आणलं होतं आणि लाल पेनाने ओळी अधोरेखित केल्या होत्या. ५० रुपये, १००, २००, परत १००. तीन महिन्यांत १४ हजारांवर गेलेले. "ताका गेमाचें पिशें लागलां (त्याला गेमचं वेड लागलंय), सर. आम्ही मोबाइल काढून घेतलाय," ती म्हणाली. मोबाइल काढून घेतल्याला पंधरा दिवस झाले होते आणि पासबुकातली शेवटची लाल ओळ तीन दिवसांपूर्वीची होती. वडील झोपले की त्यांच्याच मोबाइलवरून पैसे जात होते.

मुलाशी बोललो तेव्हा कळलं, तो गेम खेळणं केव्हाच सोडून बसला होता. दुसरे खेळत होते आणि तो त्यांच्या मॅचवर पैसे लावत होता.

मी गोव्यात डिचोली तालुक्यात हायर सेकंडरीला वाणिज्य शिकवतो. त्या दिवसानंतर अशा आणखी काही घरांबरोबर बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडतो आहे. ओळख पटू नये म्हणून मुलांचे तपशील बदलले आहेत.

आधी गेम आणि पैज वेगळी करा

बाकी सगळं यावर उभं आहे. आपल्या डोक्यात मोबाइल, गेम, जुगार यांचं एकच गाठोडं असतं. मुलाच्या डोक्यात तसं नसतं. मित्रांबरोबर तासभर बीजीएमआय हा नेमबाजीचा गेम खेळणं, व्हॅलोरंट या तशाच गेमची स्पर्धा बघणं आणि त्या स्पर्धेत कोण जिंकेल यावर २०० रुपये लावणं, या त्याच्यासाठी वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे त्याचं बरोबर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यात पदकं दिली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यातही ई-स्पोर्ट्स एका बाजूला आणि पैसे लावून खेळायचे खेळ दुसऱ्या बाजूला ठेवले आहेत. पहिल्याला प्रोत्साहन, दुसऱ्यावर बंदी. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वादही त्या कायद्याने बाजूला ठेवला. पैसे किंवा पैशांनी विकत घेतलेली कॉइन, टोकनसारखी वस्तू पणाला लावून बदल्यात कमाईची आशा ठेवली, की तो पैशांचा खेळ.

म्हणून "गेम बंद" हे वाक्य पहिल्या दिवशी तरी तोंडातून काढू नका. गेम बंद केला की मुलाचे मित्र तुटतात, आणि पैज मात्र दुसऱ्याच्या मोबाइलवर चालू राहते.

पैसे नेमके कुठे लागतात

सगळ्यात सरळ प्रकार म्हणजे "आयडी". टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर एक एजंट असतो. त्याला यूपीआयने पैसे पाठवले की तो परदेशी साइटचा आयडी आणि पासवर्ड देतो. मुलं म्हणतात, "शंभर लोड केले." क्रिकेटबरोबर त्याच साइटवर काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंट, डोटा अशा गेमच्या मॅच असतात. कोण जिंकेल, पहिला किल (प्रतिस्पर्ध्याला मारणं) कोणाचा, पुढची राउंड कोणाची, सगळ्यावर भाव. मॅच नसेल तेव्हा त्याच पानावर विमान उडवायचा खेळ असतो (ते कोसळायच्या आत पैसे काढायचे), रंग ओळखायचा खेळ असतो. मुलगा मॅचसाठी आत जातो आणि पैसे विमानात घालवून बाहेर येतो. माझ्या पाहण्यात सर्वात जास्त नुकसान इथेच झालं, कारण मॅच संपायला तास लागतो आणि विमान काही सेकंदांत कोसळतं.

दुसरा प्रकार पैशांसारखा दिसतच नाही, म्हणून पालकांच्या नजरेतून सुटतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये बंदुकीला चढवायचे रंग, म्हणजे "स्किन", ऑगस्ट २०१३ मध्ये आले. त्यांची खरेदी-विक्री होते. किंमत काही रुपयांपासून लाखांपर्यंत जाते. मग बाहेरच्या साइट आल्या, तिथे स्किन हेच नाणं. २०१६ च्या जुलैमध्ये गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने अशा २३ साइटना थांबण्याच्या नोटिसा पाठवल्या. तरी धंदा नव्या नावांनी चालूच राहिला. गेममध्येच मिळणाऱ्या पेट्या, "केस", उघडणं हाही त्यातलाच भाग. चीनच्या नियमांमुळे २०१७ मध्ये या पेट्यांमधल्या शक्यता जाहीर कराव्या लागल्या, तेव्हा सुरी किंवा हातमोज्यांसारखी दुर्मीळ वस्तू निघण्याची शक्यता ०.२६ टक्के असल्याचं समोर आलं. सरासरी ३८५ पेट्या उघडल्यावर एक. पेटी उघडायच्या एका किल्लीचे अडीच डॉलर धरले तर सुमारे ८० हजार रुपये. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना जुगारच ठरवलं.

तिसरा प्रकार आपल्या गावांत सर्वात जास्त दिसतो: पैशांची रूम. बीजीएमआय किंवा फ्री फायरची कस्टम रूम, म्हणजे पासवर्ड असलेल्यांनाच खेळता येईल अशी खासगी मॅच, कोणीतरी उघडतो, २० किंवा ५० रुपये घेतो, रूमचा आयडी-पासवर्ड पाठवतो. प्रत्येक किलला इतके, पहिल्या नंबराला तितके. मुलाला ही "टुर्नामेंट" वाटते. अधिकृत ई-स्पोर्ट्स स्पर्धेला प्रवेश शुल्क आणि बक्षीस कायद्यात चालतं, पण तो खेळ मान्यताप्राप्त आणि नोंदणीकृत असावा लागतो. टेलिग्रामवरची ही रूम त्यात बसत नाही, आणि पैसे घेऊन रूम उघडलीच नाही तर मुलगा दाद कुठे मागणार?

खुणा

जास्त वेळ मोबाइलवर असणं ही खूण नव्हे. तसे सगळेच असतात. हातात गेम नसताना नुसती मॅच बघणं आणि ज्या संघाचं नाव कधी घेतलं नव्हतं तो हरल्यावर घामाघूम होणं, ही खूण. युरोपातल्या मॅच आपल्याकडे रात्री उशिरापर्यंत चालतात, म्हणून सकाळची बस चुकणं, पहिल्या तासाला डोकं बाकावर. घरातल्या सर्वांच्या खात्यांचे सहा महिन्यांचे व्यवहार काढा. रात्री दहानंतरच्या गोल आकड्यांच्या छोट्या रकमा, आणि त्या दर काही दिवसांनी बदलणाऱ्या अनोळखी माणसांच्या नावावर, हे दिसलं तर थांबा. एजंट सतत खाती बदलतात. रिचार्जच्या दुकानातून किंवा ॲपवरून घेतलेले गूगल प्लेचे कोड, अचानक विकलेली गेमची आयडी, न सांगता विकलेला हेडफोन, आजीकडे मागितलेले "प्रोजेक्टचे" पैसे, हेही बघा. आणि जिंकल्याच्या खुणा विसरू नका: अचानक आलेले नवे बूट, मित्रांना दिलेली पार्टी. बहुतेकांची सुरुवात जिंकण्यानेच झालेली असते.

बोलणं

ज्या दिवशी कळलं त्या दिवशी बोलू नका. रागात असता. दुसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर, घरातल्या एकाच मोठ्या माणसाने बोलावं. काका, शेजारी, ट्यूशनचे सर यांच्यासमोर नको. मी पाहिलेल्या एका घरात चतुर्थीला जमलेल्या सगळ्या कुटुंबासमोर विषय काढला गेला. तो मुलगा त्यानंतर चार महिने खोटं बोलत राहिला, कारण खरं बोलल्याचं फळ त्याने पाहिलं होतं.

सुरुवात आकड्याने करू नका, "पयशे खंय गेले" (पैसे कुठे गेले) असंही नको. "मला व्यवहार दिसले आहेत. मी मारणार नाही, ओरडणार नाही. मला सगळं समजून घ्यायचंय, तू मला दाखव," एवढं पुरे. मग प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. पहिल्यांदा कोणी दाखवलं? सर्वात मोठी जीत किती होती? हरलेले परत आणायला म्हणून किती वेळा लावलेस? कोणाचे देणे आहेत? कोणी काही धमकी दिली आहे का? शेवटचे दोन प्रश्न सोडू नका. पहिल्या बैठकीत मुलं साधारण निम्मा आकडा सांगतात, माझा अनुभव तसा आहे. त्याला खोटारडा म्हणू नका. "आठवेल तसं आणखी सांग, रविवारी परत बसू," म्हणा.

मुलगा उलट विचारेल, "बाबा मटका लावतात ते?" याला उत्तर तयार हवं. आपल्या राज्यात मूल जुगार बघतच मोठं होतं. मटक्याची चिठ्ठी, जत्रेतले जुगाराचे पट, चतुर्थीतले पत्ते, मांडवी नदीत उभ्या कसिनोच्या बोटी. १९७६ च्या गोव्याच्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये दुरुस्त्या झाल्या आणि पंचतारांकित हॉटेलं व बोटी यांना दारं उघडली. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कसिनोत खेळायला बंदी आहे, आणि पर्यटकालाही २१ वर्षं पूर्ण लागतात. पण कसिनोच्या फलकांना वयाची अट नाही, ते शाळेच्या बसमधूनही दिसतात. म्हणून घरात कोणी मटका लावत असेल तर त्याने मुलासमोर ते मान्य करावं आणि त्याच्याबरोबर थांबावं. याला मला दुसरा मार्ग सापडलेला नाही.

वहीवर हिशोब

मुलगा म्हणेल, "मला गेम कळतो, मी अर्ध्याहून जास्त वेळा जिंकतो." वाद घालू नका, वही घ्या. तुल्यबळ संघ असतील तर साइट दोघांवर १.८५ असा भाव देते. म्हणजे १०० लावले आणि जिंकलो तर १८५ हातात, ८५ नफा. हरलो तर १०० गेले. आता त्याला सांगा, समज तू १०० पैकी ५४ पैजा जिंकलास. ५४ गुणिले ८५ म्हणजे ४,५९०. हरलेल्या ४६ चे ४,६००. शंभरात चोपन्न वेळा बरोबर ठरूनही दहा रुपये तोटा. माझ्या त्या विद्यार्थ्याने ही बेरीज तीनदा केली. मी काही बोललो नाही.

पुढचं पान "कॉम्बो"चं. चार मॅच जोडून लावल्या की मोठी रक्कम दिसते, पण चारही बरोबर आल्या तरच ती मिळते. अर्ध्या वेळा १८५, अर्ध्या वेळा शून्य, म्हणजे प्रत्येक मॅचमध्ये १०० चे सरासरी साडेब्याण्णव परत येतात. चार वेळा गुणत गेलं की ७३ उरतात. जितक्या मॅच जोडाल तितकी साइटची कमाई वाढते, म्हणूनच ती कॉम्बोवर बोनस देते.

"पण मला आतली टीप असते" याचंही उत्तर हवं. ऑगस्ट २०१४ मध्ये आयबायपॉवर या अमेरिकेतल्या नावाजलेल्या काउंटर-स्ट्राइक संघाने एक मॅच मुद्दाम हरली आणि मोबदला महागड्या स्किनच्या रूपात घेतला गेला. जानेवारी २०१५ मध्ये त्या प्रकरणातल्या सात जणांवर व्हॉल्व्हने बंदी घातली. त्या मॅचवर ज्यांनी खेळाच्या जाणकारीवर पैसे लावले, त्यांची जाणकारी काय कामाची होती? आणि खरी टीप असलेला माणूस ती टेलिग्रामवर पाच हजार जणांना का वाटेल? काही ग्रुप अर्ध्या लोकांना एक संघ सांगतात आणि उरलेल्यांना दुसरा. ज्यांना बरोबर टीप गेली त्यांच्याकडून पुढच्या वेळी पैसे घेतात.

त्याच संध्याकाळी पैशांच्या वाटा बंद

मुलाला सांगून, त्याच्यासमोर करा. घरातल्या सर्वांचे यूपीआय पिन आणि मोबाइलचे लॉक बदला. मुलांना वडिलांचा पिन माहीत असतोच, कारण पेट्रोल भरताना त्यांनीच टाकलेला असतो. यूपीआय लाइट बंद करा, त्यात छोट्या रकमेला पिनच लागत नाही. ॲपमध्ये ऑटोपेची, म्हणजे आपोआप पैसे कापले जाण्याची, यादी उघडून ओळखीची नसलेली परवानगी रद्द करा. बँकेच्या ॲपमधून दिवसाची मर्यादा कमी करा आणि प्रत्येक व्यवहाराचा एसएमएस मुलाच्या हाती नसलेल्या नंबरवर येऊ द्या. प्ले स्टोअरमध्ये साठवलेली कार्डं काढा, प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा.

मुलाचं स्वतःचं खातं असेल तर तेही बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या सूचनेनुसार दहा वर्षांवरच्या मुलांना बँका स्वतंत्र खातं चालवू देऊ शकतात. ते खातं बंद करू नका; हातखर्च त्यातच द्या, आठवड्याला थोडा, आणि रविवारी दोघांनी मिळून व्यवहार वाचा.

अँड्रॉइडवर फॅमिली लिंक हे गूगलचं पालकांसाठीचं ॲप लावा आणि "अनोळखी स्रोतावरून ॲप" ही परवानगी ब्राउझर, व्हॉट्सॲप, टेलिग्राम तिन्हींना नाकारा. जुगाराची ॲप बहुधा प्ले स्टोअरमधून न येता ग्रुपमधल्या फाइलमधून येतात. बेटब्लॉकर नावाचं मोफत ॲप जुगाराच्या साइट अडवतं, ते मुलाच्या संमतीने टाका. काउंटर-स्ट्राइक ज्यावरून चालतो त्या व्हॉल्व्हच्या स्टीमवर पालकांसाठी नियंत्रणं आहेत. इन्व्हेंटरीचा, म्हणजे मुलाकडच्या स्किनच्या साठ्याचा, इतिहास उघडलात की स्किन कोणाकडे गेल्या ते दिसेल. यातल्या कुठल्याही कुलपाने हुशार मुलगा कायमचा थांबत नाही. पण मनात आल्यापासून पैसे जाईपर्यंत दहा सेकंदांऐवजी अर्धा तास लागला, तर ती ऊर्मी पुष्कळदा ओसरते.

उधारी, धमकी आणि भाड्याने दिलेलं खातं

एजंट उधारीवर आयडी देतात. मग फोन सुरू होतात, "घरी सांगीन." घरी आधीच कळलेलं असेल तर त्या धमकीचा जोर तिथेच संपतो. भारतीय करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ च्या, कलम ३० प्रमाणे पैजेचा करार निरर्थक असतो, आणि कलम ११ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाला करार करण्याची पात्रताच नसते. बुकीला कोर्टात वसुली करता येत नाही. पैसे देऊन मिटवू नका, एकदा दिले की पुन्हा मागतात. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढा, नंबर टिपा आणि पोलीस ठाण्यात जा. २०२५ च्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. साइटने पैसे अडकवले किंवा फसवले तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

मित्रांकडून घेतलेले पैसे वेगळे. ते परत द्यायचे. पण सगळे एका दिवसात आई-बाबांच्या खिशातून नकोत. यादी करा, मुलाने स्वतः प्रत्येकाला भेटून मुदत मागू दे, आणि हातखर्चातला ठरलेला भाग त्यात जाऊ दे.

एक प्रश्न मुद्दाम विचारा: "तुझं खातं किंवा सिमकार्ड कोणाला वापरायला दिलंस का?" महिन्याला दोन-तीन हजारांसाठी मुलं खातं देतात आणि त्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात. मग कुठल्यातरी राज्यातल्या तक्रारीवरून खातं गोठवलं जातं आणि पोलीस घरी येतात. दिलं असेल तर वाट बघू नका. वकिलाशी बोला, त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा आणि पोलिसांकडे स्वतःहून जा.

पहिले दोन-तीन महिने

पहिल्या दोन आठवड्यांत चिडचिड, झोप न लागणं, कंटाळा येतो. घालवलेले पैसे परत मिळवायची ओढ सर्वात जबर असते आणि ती मोठ्या स्पर्धेच्या दिवसांत उसळते. स्पर्धांचं वेळापत्रक मुलाकडूनच मागून घ्या आणि फायनलच्या रात्री त्याला एकटा ठेवू नका. मॅच बघायचीच असेल तर टीव्हीवर, सगळ्यांबरोबर. टिपा देणारे ग्रुप आणि पैजेच्या साइटची जाहिरात करणारे स्ट्रीमर (गेम खेळताना थेट दाखवणारे) सोडायला लावा. गेमचे साधे चॅनेल राहू देत. खेळायचे तास ठरवा, रात्री मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. वडिलांचासुद्धा.

पुन्हा एकदा पैसे लावल्याचं कळेल, याची तयारी ठेवा. तेव्हा बघायचं ते हे: त्याने स्वतः सांगितलं की पकडला गेला? स्वतः सांगितलं असेल तर शिक्षा नको. कुठली वाट उघडी राहिली ती शोधून बंद करा.

मदत कुठे

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू आहे, जुगाराचा विकार आजार म्हणून नोंदलेला आहे. थांबायचं ठरवूनही थांबता येत नसेल, चोरी सुरू झाली असेल, शाळा सुटत असेल, तर घरच्या घरी पुरे होणार नाही. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजजवळ मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, लोक तिला आयपीएचबी म्हणतात. हे सरकारी इस्पितळ आहे. नाव ऐकून घरचे बिचकतात, मुलगा बिचकतो. पहिल्या भेटीला आई-वडील दोघेही गेले तर सोपं जातं. १९९६ पासून गोव्यात काम करणारी संगाथ ही संस्था किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्यात मुरलेली आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, आणि मुलाला स्वतः बोलायचं असेल तर मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन.

कर्जात बुडालेला मुलगा "मी नसलो तर सगळं सुटेल" अशा अर्थाचं काही बोलला, वस्तू वाटून टाकू लागला, निरोपासारखे मेसेज करू लागला, तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उत्तर हो असेल तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा, १४४१६ वर बोला. धोका समोर दिसत असेल तर रुग्णवाहिकेचा १०८.

शाळेलाही कळवा, पण वर्गशिक्षक किंवा समुपदेशक यांपैकी एकालाच, आणि मुलाला विचारून. एका वर्गात एक मुलगा सापडला की त्याच ग्रुपमध्ये आणखी चार-पाच असतात. नावं विचारायची गरज नाही. लाल पेनाच्या त्या पासबुकानंतर मी वर्गात १.८५ चं ते गणित फळ्यावर मांडलं, कोणाचाही उल्लेख न करता. तास संपल्यावर दोन मुलं मागे थांबली होती.